तांब्यातला डावा हात

कागद प्रेसवरून उचलताना मी सहसा चित्राकडे बघत नाही, कडांकडे बघतो. वीस वर्षं तांब्याच्या पत्र्यांवरून छाप काढणाऱ्या माणसाला चित्रात काय आहे याच्याशी कर्तव्य नसतं. शाई कुठे जास्त बसली, पुसताना हात कुठे जड पडला, ओल्या कागदाला कोपऱ्यात सुरकुती आली का, एवढंच तो बघतो. त्या मंगळवारी सकाळी मात्र मी कागदाचा खालचा कोपरा उचलला, आधी एक हात वर आला आणि मी थांबलो. अर्धा कागद पत्र्याला चिकटलेला, अर्धा माझ्या चिमटीत. लोकरीच्या जाड कापडाची कड मुठीत धरलेला पुरुषी हात, आणि त्याची करंगळी मधल्या पेराशीच संपलेली. तुटून बरी झालेली, टोकाशी आवळलेल्या पिशवीच्या तोंडासारखी. असा हात मी या जगात एकच बघितला होता. तो ज्याचा होता तो ब्लेझ, माझा दूधभाऊ, बावीस वर्षांपूर्वी माझ्या जागी फौजेत भरती होऊन आफ्रिकेला गेला होता आणि परत आलेला नव्हता.

मी कागद पूर्ण उचलला. एकटा उभा माणूस, मागे नुसती भिंत. अंगात बुर्नूस, म्हणजे तिकडच्या लोकांची ती गळ्यापासून घोट्यापर्यंतची बिनबाह्यांची लोकरी झूल, तिची टोपी डोक्यावर ओढलेली. दाढी, आणि दाढीच्या वर दोन डोळे, जे चित्रकाराकडे बघत नव्हते आणि दुसरीकडेही कुठे बघत नव्हते. असले अरब आमच्या छापखान्यात महिन्याला तीन-चार येतात. पॅरिसच्या लोकांना सध्या अरब आवडतात, म्हणून चित्रकार हाताशी सापडेल त्याला भाड्याचे कपडे चढवतात. गेल्या हिवाळ्यात ज्या अल्जीरियन सरदाराच्या मी साठ प्रती काढल्या, तो पलीकडच्या गल्लीत छपरांना पत्रे ठोकतो. त्याला पगडीखाली ओळखून मी दुसऱ्या दिवशी कमरेत वाकून सलाम केला होता आणि त्याला तो मुळीच रुचला नव्हता. पण हे कपडे भाड्याचे नव्हते. खालची कड झिजलेली होती आणि एका जागी वेगळ्या लोकरीने रफू केलेलं होतं, चित्रकाराने ते रफूचे टाकेसुद्धा एकेक करून ओढले होते. टोपी डोक्यावर अशी बसली होती की ते डोकं तिला पाठ असावं. आणि झुलीखाली बूट होते, आपल्याच गोदीतल्या हमालांचे, खिळे मारलेले बूट. दुसऱ्या कुणी ते झाकले असते.

मग माझ्या लक्षात आलं की हात उजवा आहे. ब्लेझची करंगळी डाव्या हाताची. त्यात चूक होणं शक्यच नाही, कारण आम्ही अकरा वर्षांचे असताना द्राक्षाच्या मळ्यात त्याने कोयता उगारला तेव्हा फांदी मी धरली होती, आणि ती मी हलवली. म्हणजे हा तो नव्हे. छातीत अडकलेला श्वास खाली उतरला, आणि त्याच्याबरोबर मनात दोन शब्द उतरले: बरं झालं. मी कागद दोरीवर टाकला, पत्रा पुन्हा शेगडीवर गरम केला, शाई भरली, जाळीच्या कापडाने पुसली, दुसरी प्रत काढली. मग तिसरी. मी शीळ घालत होतो असं नंतर मादाम व्हर्दिए म्हणाल्या. त्या छापखान्याच्या मालकीणबाई, नवरा गेल्यापासून कारभार त्यांच्याच हातात, आणि त्यांच्या कानातून काही सुटत नाही. चौथ्या प्रतीसाठी मी तळव्याला खडूची पूड लावून पत्रा शेवटचा पुसत होतो, आणि माझ्या तळव्याखालून, लालसर तांब्यात, तो हात पुन्हा निघाला. या वेळी डावा.

छापखान्यात नव्याने आलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात कळतं की पत्र्यावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे येतं. मी स्वतः ते कितीजणांना शिकवलं असेल. आणि तोच मी, शाईने नखं कायमची काळी झालेला, तीन प्रती काढेपर्यंत कागदावर विश्वास ठेवून शीळ घालत होतो. अशी चूक फक्त आमच्यातलाच माणूस करू शकतो, आयुष्यभर कागद खरा आणि तांबं नुसतं साधन असं मानणारा. पण खरं सांगायचं तर ती चूक नव्हतीच. मला ते उजवंच हवं होतं. तांबं हो म्हणत होतं, कागद नाही म्हणत होता, आणि मी कागदाच्या बाजूने झालो. ज्या माणसाच्या नावाने दर वर्षी मृतांच्या दिवशी मेणबत्ती लावतो तो जिवंत असण्याची शक्यता दिसताच मला भीती वाटली, आणि ती नाहीशी होताच बरं वाटलं. म्हणजे तो मेलेलाच मला सोयीचा होता. हे असं उघड उघड स्वतःशी बोलायची वेळ आजवर आली नव्हती. पत्रा हातात गार होत गेला आणि शाई घट्ट व्हायला लागली तरी मी तसाच उभा होतो.

माझी आई मला जन्म देताना गेली. शेजारच्या सोलांजच्या घरी तेव्हा दोन महिन्यांचा ब्लेझ होता, आणि बापाने मला टोपलीत घालून तिच्या दारात नेलं. एका बाजूला तो, एका बाजूला मी. गावातल्या बायका म्हणायच्या की मी आधी पिऊन घ्यायचो आणि ब्लेझला उरलेलं मिळायचं. तरी तो माझ्या दुप्पट झाला. आम्ही दोघंही तिला मायच म्हणायचो. विसाव्या वर्षी तालुक्याच्या गावी फौजेच्या चिठ्ठ्या निघाल्या. टेबलावर भांडं, भांड्यात आकडे, लहान आकडा ज्याला येईल तो सात वर्षं फौजेत. मला नऊ आला. ब्लेझला एकशे एकतीस, म्हणजे तो सुटला. पोरं टोपीत आकडे खोचून, फिती लावून गावभर नाचत होती आणि मी विहिरीशी ओकत होतो. त्याच तालुक्यातल्या दोघांनी आपसात आकडे बदलले तर सरकारला चालायचं. सरकारला गडी हवा होता, कुठला ते त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ब्लेझ मला कचेरीत घेऊन गेला आणि तिथल्या कारकुनासमोर आम्ही अंगठा-सही केली. घरी येऊन तो मायला म्हणाला, गातियेंच्या छातीत दम नाही, तो तिथे पहिल्या उन्हाळ्यात मरेल, मी जातो. त्या संध्याकाळी मायने सूप आधी मला वाढलं. त्याचा अर्थ काय, ते मी आजही सांगू शकत नाही.

त्याचं एकच पत्र आलं, आफ्रिकेतल्या ओरानहून, कुणा हवालदाराच्या अक्षरात: ठीक आहे, ऊन फार, मायला सांभाळ. सात वर्षांनी मी मंत्रालयाला लिहिलं तेव्हा उत्तर आलं की या नावाचा शिपाई मुदत भरून सुटला. पुढे कुठे गेला ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे तो मेल्याची बातमी मला कुणीही दिली नव्हती. ती मीच तयार केली, हळूहळू, दर वर्षी एक मेणबत्ती लावून. तोवर मी पॅरिसला येऊन या छापखान्यात चिकटलो होतो. मायला गावात कुणी उरलं नाही तेव्हा तिला इथे आणलं, सँ-झाक रस्त्यावरच्या दोन खोल्यांत. ती खिडकीशी बसून शेंगा सोलायची आणि खालच्या गाड्यांचा आवाज नदीचा आहे असं समजायची. लग्न मी केलं नाही. लोक विचारत तेव्हा मी घरात आई आहे म्हणायचो आणि तेवढं पुरायचं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. शेजारी म्हणाले, पोटच्या पोरानेही एवढं केलं नसतं. त्या वाक्याने मला किती दिवस जेवण गेलं नाही ते त्यांना कळलं असतं तर ते बोलले नसते. त्याच्या वाट्याचं दूध मी प्यालो, त्याच्या वाट्याचा आकडा घेतला, आणि शेवटी त्याच्या वाट्याची आईसुद्धा मीच पुरली. आता तो दारात उभा राहून काय मागणार होता? परत देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

पण अजून एक पळवाट होती आणि ती मी लगेच धरली. काही चित्रकार आरसा ठेवतात. माणूस समोर उभा करायचा आणि त्याच्याकडे न बघता आरशातल्या त्याच्या प्रतिमेकडे बघून पत्र्यावर ओढायचं, म्हणजे कागदावर सगळं सरळ येतं. चर्च आणि पूल काढणारे तसं करतातच, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं घड्याळ चुकीच्या बाजूला आहे. हे चित्र ज्याचं, त्या चित्रकार मस्यो रूव्हेरचा हा आमच्याकडचा पहिलाच पत्रा. त्याने आरसा ठेवला असेल तर समोरच्या माणसाची उजवी करंगळी तुटलेली, आणि मग तो कुणीही असो. मी पहिली प्रत दोरीवरून काढली, खिडकीशी गेलो आणि ती पाठमोरी करून काचेला लावली. कागद अजून ओला होता, बाहेर मार्चचं ऊन होतं. रेषा कागदाच्या पाठीतून वर आल्या, हात डावा झाला, आणि चेहरा फिरला. दोन्ही बाजूंनी सारखा चेहरा देवाने कुणालाच दिलेला नाही. सरळ बघताना जो कुणी परका दाढीवाला होता, त्याच्या डाव्या भुवईने उलटल्यावर ती जुनी गोष्ट केली. ती उजवीपेक्षा जरा वर चढली, आणि आता हा माझी थट्टा करणार असं मला वाटलं. मी कागद खाली घेतला.

मागून मादाम व्हर्दिए म्हणाल्या, "काय रे गातियें, कागद वाळवतोयस की खिडकी पुसतोयस?"

मी म्हटलं की प्रती मस्यो रूव्हेरकडे मीच नेऊन देतो, पार्श्वभूमीबद्दल विचारायचं आहे. त्यांनी तपकीर ओढली आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. वीस वर्षांत तू कामाच्या वेळी स्वतःहून दाराबाहेर गेला नाहीस, त्या म्हणाल्या, तेव्हा जा, पण एप्रन काढून जा. मी एप्रन काढला. प्रती दोन पुठ्ठ्यांत बांधल्या. गाठ तीनदा सुटली.

रूव्हेर राहायचा नदीपलीकडे, बातिन्योलच्या चढावर. मी गाडी घेतली नाही, उशीर व्हावा म्हणून चालत गेलो. वाटेत नवे रुंद रस्ते काढण्यासाठी अर्ध्या गल्ल्या पाडलेल्या होत्या. घरं उभी चिरलेली, भिंतींवर अजून तीन तीन मजल्यांचे वेगवेगळे रंग, कुणाच्या स्वयंपाकघराची काजळी उघड्यावर. मी चालता चालता वाक्यं जुळवत होतो. माझ्या छातीत दम नव्हता, असं एक. मग लगेच वाटायचं, त्याच छातीने तू वीस वर्षं प्रेसचं चाक ओढतोयस, दिवसाला दोनशे फेरे, आणि खोकलासुद्धा नाही तुला. दम नव्हता हे कुणी ठरवलं? डॉक्टरने नाही. ते ब्लेझने मायला सांगितलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. विहिरीशी ओकणाऱ्या पोराला ते कारण मिळालं आणि त्याने ते अंगात घातलं, दुसऱ्याचा सदरा घालावा तसं. हे वाक्य काही सांगण्याजोगं नव्हतं. पुलावर मी बराच वेळ थांबलो. परत फिरून मादामना सांगता आलं असतं की मस्यो घरी नव्हते. आरसा असू दे, असं मी मनात म्हटलं, आणि मग त्याचीही लाज वाटली, कारण ती प्रार्थनाच होती, आणि एका जिवंत माणसाविरुद्ध होती.

रूव्हेर जाडा, मोजे घातलेल्या पायांनी फिरणारा, एका हातात पाव आणि दुसऱ्यात मुळे. त्याने प्रती फळीवर लावल्या आणि खात खात बघितल्या. भिंत जरा जास्त पुसा, म्हणाला, माणसापेक्षा भिंत मोठी दिसतेय. मी हो म्हटलं. मग त्याने बूट ठीक आलेत म्हटलं आणि मी तेही हो म्हटलं. खोलीत मी आरसा शोधत होतो. एक होता, दाढीचा, तळहाताएवढा.

"मस्यो, तुम्ही आरसा लावून काढता का?" मी विचारलं.

"कशाला? मला समोर जे दिसतं ते मी तांब्यावर ओढतो. कागदाला ते उलटं वाटत असेल तर कागदाने आपलं बघून घ्यावं."

त्याला वाटलं मी बुटांबद्दल विचारायला आलोय आणि भिडेखातर आरशाचं काढलं. तो सांगू लागला की हे कपडे त्याने दिलेले नाहीत. हा गडी गेल्या थंडीत वाइनच्या धक्क्यावर असाच दिसला, अंगात बुर्नूस, खांद्यावर पिंपाची फळी, आणि शेजारचे हमाल त्याला सुलतान म्हणून हाका मारत होते. दोन वर्षं तिथेच काम करतो म्हणे. रूव्हेर म्हणाला, "मी म्हटलं तुम्ही कुठले, तर म्हणे तूरेनचा. मला वाटलं माझी फिरकी घेतोय. सोमवारी येतो, दोन तास उभा राहतो, एक शब्द बोलत नाही. मी म्हटलं टोपी काढा, तर म्हणे हिवाळा आहे." तूरेन म्हणजे आमचाच मुलूख. नाव विचारलंत का, असं मी म्हटलं, आणि रूव्हेरने मुळा चावत सांगितलं, ब्लेझ काहीतरी. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं, पाव खाली ठेवला आणि खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली.

"नात्यातले आहात का?"

"दूधभाऊ," मी म्हटलं.

"मग आधी बसा," तो म्हणाला, आणि मला पाणी द्यायला गेला.

वाइनचा धक्का माझ्या घरापासून पाव तासावर आहे. दर रविवारी मी तिथून जातो. दोन वर्षं, रूव्हेरच्या सांगण्यावरून निदान दोन वर्षं तरी, तो तिथे पिंपं लोटत होता, आणि मी पुलाच्या या बाजूला त्याच्या आत्म्याला शांती मागत होतो. उतारावरून परत येताना मला पहिल्यांदा राग आला. तो आला होता तर माझ्याकडे का आला नाही? मग लगेच उत्तर मिळालं. कारण त्याला सगळं कळलं होतं. तो आधी गावात गेला असणार, तिथे त्याला सांगितलं असणार की माय पॅरिसला नेली आणि तिथेच मेली, आणि त्याने ठरवलं असणार की या माणसाचं तोंड बघायचं नाही. हे उत्तर मला एवढं पटलं की राग गेला. तरी मी धक्क्याकडे चालत राहिलो. का, ते नीट सांगता येत नाही. शूर झालो होतो असं नाही. पण सकाळपासून मी दोनदा त्याला मारलं होतं, एकदा कागदावर आणि एकदा पुलावर, आणि तिसऱ्यांदा ते करवणार नव्हतं.

धक्क्यावर नावा लागलेल्या होत्या. फळ्यांवरून पिंपं खाली येत होती, आंबट वास सगळीकडे भरलेला, आणि नदीवरून वारा. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. निळ्या सदऱ्यांच्या घोळक्यात ती मळकी पांढरी टोपी मला लांबूनच दिसली. मी पन्नास पावलांवर होतो तेव्हा त्याने मान वळवली. त्याने मला बघितलं, ओळखलं, हातातलं पिंप दुसऱ्याच्या अंगावर सोडलं आणि सरळ पिंपांच्या राशीमागे गेला. तो हमाल शिव्या देत राहिला. मी उभा राहिलो. सकाळपासून मी ज्याला भीत होतो तो माणूस मला बघून पळाला होता. हे मला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घशात हसू आलं. मी राशीला वळसा घातला. एवढा मोठा गडी, गुडघ्यांत मान घालून दोन पिंपांच्या फटीत बसला होता.

"ब्लेझ," मी म्हटलं, "टोपी दिसतेय तुझी."

"माहीत आहे," तो आतून म्हणाला. "तू जा ना."

मी गेलो नाही. त्याच्यासमोर पालथ्या पिंपावर बसलो. दाढी पांढरी झाली होती, डोळ्यांभोवतीची कातडी उन्हाने चुण्या पडून वाळली होती, आणि भुवई तीच. जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. म्हणून मी जे येईल ते बोललो. माझ्या छातीला काही झालेलं नव्हतं, मी म्हटलं, मी नुसता घाबरलो होतो आणि तुला जाऊ दिलं. त्याने डोकं वर केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला भलत्याच भाषेत पत्ता विचारतोय.

"तुझ्यासाठी गेलो असं वाटतं तुला?" तो म्हणाला. "अरे मला पळायचं होतं. गिरणीवाल्याची ती पोरगी माझ्या गळ्यात मारायचं ठरत होतं, ती गिरणी, तो पीठवाला बाप. मला नऊ आला असता तर नाचलो असतो. तुला आला. नुसता जातो म्हटलं असतं तर मायने जन्मात माफ केलं नसतं. तुझी छाती पुढे केली. तुला काय धाड भरली होती, तू तर बैलासारखा होतास."

मी ऐकत होतो. खांद्याच्या मागे, प्रेसचं चाक ओढून ओढून जिथे कायमची गाठ पडली आहे, तिथे काहीतरी सैल झालं. मी मूर्ख ठरलो होतो आणि मला त्याचा इतका आनंद होत होता की मी पिंपाची कड धरून बसलो. बावीस वर्षं ज्याचा भार वाहिला ते माझं नव्हतंच. ते गिरणीवाल्याच्या पोरीचं होतं. तिचं पुढे काय झालं, त्याने विचारलं. मी म्हटलं, तिला सात मुलं आहेत आणि ती गिरणीवाल्याहून जाडी झाली आहे. तो समाधानाने मान हलवत राहिला.

मग हळूहळू बाकीचं निघालं. मुदत संपल्यावर तो तिकडेच राहिला, दक्षिणेकडे, विहिरी खणणाऱ्या टोळीत. तिथे एक बाई होती, तिच्या आईने हा बुर्नूस विणला होता. ती बाई तापात गेली. तिचं नाव त्याने सांगितलं आणि पुन्हा उच्चारलं नाही. नंतर तो गावी आला, आणि मायच्या दारात दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत घातलेले बघितले. लोकांनी सांगितलं, गातियेंने नेली, गातियेंने सगळं केलं, गेल्या साली गेली. तिला मी तुझ्या गळ्यात बांधून पळालो, ब्लेझ म्हणाला, ना कधी पत्र, ना पैसा. दोन वर्षं तुझ्या रस्त्याच्या टोकाशी येतो आणि परत जातो. कुठल्या तोंडाने वर येऊ? म्हणजे मी पुलावर उभा होतो तसाच तो माझ्या गल्लीच्या टोकाशी उभा राहत होता, दोन वर्षं, दर काही दिवसांनी. मला त्याला हात लावायचा होता आणि कसा लावायचा ते कळत नव्हतं, म्हणून मी त्याच्या बुर्नूसच्या रफू केलेल्या जागेवर बोट ठेवलं. टाके खरोखरच वेगळ्या लोकरीचे होते.

त्याने खालीच बघत विचारलं, "मला शिव्या द्यायची का रे ती?"

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. माझ्या सगळ्या चोऱ्यांत ही सगळ्यांत मोठी चोरी आहे असं मी धरून चाललो होतो. पण आता गप्प बसणं म्हणजे त्याला पुन्हा पिंपांमागे ढकलणं होतं.

"शेवटची दोन वर्षं तिला माणसं ओळखू येत नव्हती," मी म्हटलं. "मला ती ब्लेझ म्हणायची."

"मग तू काय करायचास?"

"ओ द्यायचो."

नावेवरून कुणीतरी सुलतान, सुलतान म्हणून ओरडत होतं आणि त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याचा चेहरा बघायचं धाडस मला होत नव्हतं, मी त्याच्या हातांकडे बघत होतो. मला वाटलं, आता तो उठून जाईल.

"म्हणजे तिच्या लेखी मी घरीच होतो," तो शेवटी म्हणाला. आवाज चिरकला होता, पण त्यात राग नव्हता. त्याने नाक बुर्नूसच्या कडेला पुसलं. "आणि तू? तुझं कधी नाव काढायची की नाही?"

"काढायची ना. रोज," मी म्हटलं. हे मी स्वतःशीसुद्धा कधी मोठ्याने बोललो नव्हतो. "रोज संध्याकाळी खिडकीत बसून मला विचारायची, ब्लेझ, आपला गातियें आफ्रिकेतून कधी येणार रे? त्याला बटाट्यावर लोणी लागतं, तिथे कोण देत असेल त्याला."

ब्लेझ उठला. त्याने तो सगळा बुर्नूस, वाइनच्या आणि घामाच्या वासासकट, माझ्यावर टाकला आणि मला धरलं. मला हुंदका आवरेना. माझ्या डोक्यावरून तो नदीकडे, का अजून कुठे, बघत म्हणाला, "आला बघ गं, माय. आला गातियें." आणि मला घट्ट धरून उभा राहिला, आणि मी त्याला उभं राहू दिलं.